‘थांबा’ म्हणणाऱ्याचा अधिकार

आकाशात झेपावणारे यान सारा देश पाहतो. ते झेपावू द्यावे की नाही, याची चिंता वाहणारा माणूस मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. इंजिन, इंधन, संगणक, संदेशवहन या प्रत्येकाचा तज्ज्ञ निराळा असतो. या सर्वांचा मेळ घालणारा, एकाचे काम दुसऱ्याच्या मुळावर येत नाही ना हे पाहणारा, तो प्रणाली अभियंता. दोन भागांमधला सांधा हे त्याचे खरे कार्यक्षेत्र, आणि घात होतो तो पुष्कळदा सांध्यातच. १९९९ साली अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळापाशी नष्ट झाले, ते एका गटाने पौंडांत आणि दुसऱ्याने न्यूटनमध्ये हिशेब केल्यामुळे.

परंतु सर्वांत नाजूक सांधा असतो तो जाणकार आणि सत्ताधारी यांच्यामधला. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान ७३ सेकंदांत कोसळले आणि सात जीव गेले. थंडीने बूस्टरच्या सांध्यातील रबरी कडी ताठर होईल, उड्डाण करू नये, असे मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते. ‘नासा’ची नाराजी दिसताच त्यांच्या व्यवस्थापकांनी तो सल्ला फिरविला.

आपलाही इतिहास बोलका आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ यानाची उलटी मोजणी संगणकाने थांबविली होती. तज्ज्ञांच्या सल्ल्याने तो इशारा बाजूस सारला, अशी कबुली प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांनीच पुढे दिली. यान समुद्रात पडले. सतीश धवन यांनी अपयश आपल्या शिरावर घेतले आणि १८ जुलै १९८० रोजी यश येताच वार्ताहरांसमोर कलामांना पुढे केले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘गगनयान’च्या चाचणीत पाच सेकंद उरले असता संगणकाने पुन्हा ‘थांबा’ म्हटले. या वेळी सारे थांबले, दोष शोधला, आणि मगच उड्डाण झाले. धडा गिरविला गेला होता.

म्हणूनच पुढील घटना आम्हांस अस्वस्थ करते. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरले. त्याचा चौकशी अहवाल जनतेपुढे न येताच १२ जानेवारी २०२६ रोजी पीएसएलव्ही-सी६२ उडाले, आणि बिघाड झाला तो पुन्हा तिसऱ्या टप्प्यातच. सुरक्षेसाठी काही तपशील गुप्त राखावे लागतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या टप्प्याविषयी कोणी शंका घेतली होती काय, घेतली असल्यास तिचे काय झाले, एवढे जाणण्याचा अधिकार करदात्यांना खचित आहे.

आजवर गेले ते उपग्रह. ‘गगनयान’मधून जाणार आहेत ती माणसे. अभियंत्याचा विरोध लेखी नोंदविला जावा, त्याला लेखी उत्तर मिळावे, आणि प्रत्येक अपयशाचा अहवाल पुढील उड्डाणापूर्वी प्रसिद्ध व्हावा, एवढी आमची मागणी आहे. बंदरावर धोक्याचा बावटा चढला की आमच्या किनाऱ्यावरील जाणता तांडेल होडी लोटत नाही, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. श्रीहरिकोट्याच्या किनाऱ्यावरही बावटा चढविणाऱ्या हाताला तोच मान मिळाला पाहिजे.