यादीतले रुग्ण आणि पाच दिवसांची मुदत

इंग्लंडमध्ये २०२० च्या मार्च महिन्यापासून लाखो घरांत सरकारी आरोग्यसेवेची पत्रे येऊन पडली. ज्यांच्या शरीरात दुसऱ्याचे मूत्रपिंड वा यकृत बसविलेले आहे, ज्यांना रक्ताचा कर्करोग आहे, ज्यांच्यावर रसायनोपचार चालू आहेत किंवा ज्यांच्या फुफ्फुसांना गंभीर विकार जडलेला आहे, अशांना ती होती. किमान बारा आठवडे घराबाहेर पाऊल टाकू नये, घरातल्या माणसांपासूनही शक्य तितके अंतर राखावे, असा त्यांचा मजकूर होता. ही यादी त्या वर्षी २२ लाखांच्या घरात गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत तिच्यात आणखी सुमारे १७ लाख नावांची भर पडली. ज्यांना आणून देणारे कोणी नव्हते त्यांच्या दारात सरकारने शिध्याची खोकी पोचविली. नोकरशाही एरवी कितीही मंद असली, तरी मनावर घेतले म्हणजे ती दुर्बलांतल्या दुर्बलाचे नाव, पत्ता आणि दुखणे शोधून काढू शकते, हे त्या वेळी दिसून आले.

ती योजना २०२१ च्या सप्टेंबरात रीतसर बंद झाली. यादीतील माणसांची दुखणी अर्थातच बंद झाली नाहीत. रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, तीच शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. त्यामुळे ज्या लशीने इतरांना अभय दिले तिचा या मंडळींना पुरेसा उपयोग होत नाही. ब्रिटनमधील ‘ऑक्टेव्ह’ या अभ्यासात २०२१ मध्येच असे आढळले होते, की दोन मात्रा घेतल्यानंतरही अशा रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण कमी राहिले. काहींच्या रक्तात तर ती तयारच झाली नाहीत. पुढे २०२२ सालच्या नोंदींवरून इंग्लंडमधील दुसऱ्या एका अभ्यासाने दाखविले, की लोकसंख्येत जेमतेम ४ टक्के असलेल्या या वर्गाचा कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांत वाटा २२ टक्के आणि मृत्यूंमध्ये सुमारे २४ टक्के होता. साथ संपली असे जग म्हणते, तेव्हा ती कोणासाठी संपली, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

बूस्टर लशीच्या मोहिमेचा परीघ त्या देशात वर्षागणिक आकुंचित होत गेला. २०२२ च्या शरद ऋतूत पन्नाशी उलटलेल्या सर्वांना ती मोफत होती. २०२३ मध्ये ही मर्यादा ६५ वर्षांवर गेली. आणि २०२५ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेले, वृद्धाश्रमांत राहणारे व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले, एवढेच लोक पात्र उरले. मधुमेह, हृदयविकार किंवा श्वसनाचे जुने दुखणे असलेला साठ-पासष्ट वर्षांचा मनुष्य २०२४ च्या शरदापर्यंत यादीत होता. पुढच्या शरदात तो तिच्याबाहेर गेला. गर्भवती स्त्रियांचेही तेच झाले.

लसीकरणविषयक संयुक्त समितीने हे लहरीखातर केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुसंख्य लोकांना एव्हाना लस आणि संसर्ग अशा दोन्हींमुळे बरीच प्रतिकारशक्ती लाभली आहे. एक गंभीर आजार टाळण्यासाठी आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मात्रा टोचाव्या लागतात. आणि आरोग्यसेवेचा पैसा अमर्याद नाही. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे. कोणत्याही सरकारला कधी तरी हा हिशेब मांडावाच लागतो, आणि तो उघडपणे मांडला गेला हे एका परीने बरेच झाले. प्रश्न हिशेबाच्या पुढचा आहे. २०२४ च्या वसंतापासून हीच लस ब्रिटनमधील खासगी औषधपेढ्यांत विकत मिळू लागली आणि काही ठिकाणी तिची किंमत शंभर पौंडांच्या आसपास होती. म्हणजे ‘इतक्या लाभासाठी इतका खर्च परवडत नाही’ हा निर्णय प्रत्यक्षात लागू झाला तो ज्याच्या खिशात शंभर पौंड नाहीत त्याला. मधुमेही वकील पैसे मोजून लस टोचून घेईल. त्याच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या मधुमेही बाईला तेवढ्यासाठी घरखर्चाला कात्री लावावी लागेल.

घरच्या माणसांचेही तसेच. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या रुग्णाबरोबर राहणाऱ्यांना २०२३ पर्यंत बूस्टर मिळत असे. २०२४ च्या शरदात हा गट वगळण्यात आला. लशीमुळे संसर्गाला होणारा अटकाव अल्पकाळ टिकतो, असे कारण देण्यात आले. शास्त्रदृष्ट्या त्यात तथ्य आहे. पण ज्या घरातली गृहिणी प्राथमिक शाळेत शिकविते आणि ज्या घरातल्या पुरुषाचे मूत्रपिंड दुसऱ्याने दिलेले आहे, त्या घरात हिवाळ्यातले दोन-तीन महिने म्हणजे अल्पकाळ नव्हे.

लस अपुरी पडते म्हणूनच विषाणुरोधक औषधांना महत्त्व आले. मोल्नुपिरावीर या औषधाला २०२१ च्या नोव्हेंबरात परवानगी देणारा ब्रिटन हा जगातला पहिला देश; त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पॅक्सलोव्हिडलाही तिथे मान्यता मिळाली. सुरुवातीची व्यवस्था वाखाणण्याजोगी होती. सर्वाधिक धोका असलेल्या रुग्णांच्या घरी चाचणीचा संच आधीच टपालाने गेलेला असे. चाचणीत विषाणू आढळल्याचे कळले, की खास केंद्रातून दूरध्वनी येई आणि औषध घरपोच मिळण्याची तजवीज होई. आजाऱ्याने व्यवस्थेला शोधायचे नव्हते, व्यवस्था आजाऱ्याला शोधत होती.

२०२३ च्या मध्यापासून हे उलटे झाले. बहुतेक ठिकाणची खास केंद्रे बंद होऊन काम प्रादेशिक मंडळांकडे गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून चाचणीचे मोफत संच घरी येण्याऐवजी औषधपेढीतून आणावे लागू लागले. आपण पात्र आहोत हे रुग्णालाच ठाऊक असले पाहिजे, संच त्याच्याच घरी असला पाहिजे आणि कोणाला दूरध्वनी करायचा हेही त्यालाच कळले पाहिजे, कारण ही रीत जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी. पॅक्सलोव्हिड तर लक्षणे दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू व्हावे लागते. समजा, शुक्रवारी रात्री घसा दुखू लागला. पहिला दिवस साधी सर्दी समजण्यात जातो. रविवारी चाचणी होते. सोमवारी सकाळी डॉक्टरच्या दवाखान्यातला दूरध्वनी गुंतलेला असतो. दुपारी सांगण्यात येते, की हे काम रुग्णालयातील विभागाचे. त्या औषधातील रिटोनाविर हा घटक अवयवरोपणाच्या रुग्णांना रोज घ्याव्या लागणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीवर नेतो. त्यामुळे जाणत्या औषधतज्ज्ञाने तपासल्याशिवाय गोळ्या देता येत नाहीत. त्या नकोत तर शिरेतून द्यावयाच्या औषधासाठी रुग्णालयात खाट हवी. एवढे होईतो मंगळवार मावळतो. कोणीही ‘नाही’ म्हटलेले नसते, आणि औषध मात्र मिळालेले नसते.

औषध पात्र लोकांना मिळते की नाही, याचे उत्तर म्हणूनच पात्रतेच्या नियमावलीत सापडत नाही. ते सोमवारच्या त्या दूरध्वनीत सापडते. याचा अर्थ औषधे सर्वांना वाटत सुटावे असा नव्हे. ब्रिटनमध्येच पंचवीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘पॅनोरॅमिक’ चाचणीत लस घेतलेल्यांना मोल्नुपिरावीरमुळे रुग्णालय टळत नाही, असे दिसून आले. पॅक्सलोव्हिडचा ८९ टक्क्यांचा गाजलेला आकडाही लस न घेतलेल्या, धोका अधिक असलेल्या रुग्णांपुरता आहे. नेमक्या माणसाला नेमक्या वेळी, हेच या औषधांचे मर्म. आणि वेळेची जबाबदारी आजारी माणसावर टाकून ते साधत नाही.

इव्हुशेल्ड या प्रतिबंधक इंजेक्शनची कथा आणखी उद्बोधक आहे. लस ज्यांना लागू पडत नाही त्यांच्यासाठी तयार प्रतिपिंडे देणारे हे औषध. २०२२ च्या मार्चमध्ये त्याला मान्यता मिळाली. ऑगस्टमध्ये सरकारने ते न घेण्याचे ठरविले. मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचा अंतिम अभिप्राय २०२३ च्या जूनमध्ये आला, तोवर विषाणूने रूप पालटले होते आणि औषध निरुपयोगी ठरले होते. ‘पाहा, आम्ही पैसे वाचविले’ असे सरकार म्हणू शकेल आणि ते अगदीच खोटे नाही. परंतु ज्या विषाणूचे रूप काही महिन्यांत बदलते, त्याच्यावरील औषधाचा विचार पंधरा महिने चालणार असेल, तर प्रत्येक औषध निकालाच्या दिवशी कालबाह्यच ठरणार.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. पॅक्सलोव्हिडच्या एका उपचारक्रमाची ब्रिटनमधील छापील किंमत ८२९ पौंड होती. निर्मात्या फायझर कंपनीने २०२१ मध्ये जीनिव्हाच्या ‘मेडिसिन्स पेटंट पूल’शी करार करून ९५ देशांसाठी इतरांना हे औषध बनविण्याची मुभा दिली, हैदराबादच्या हेटेरो कंपनीच्या औषधाला २०२२ अखेर जागतिक आरोग्य संघटनेची मान्यताही मिळाली. या देशांसाठी उपचारक्रमाची किंमत २५ डॉलरांपेक्षा कमी ठरली होती. ब्रिटनला ती मुभा नाही. चष्म्याला आणि दातांच्या कवळ्यांना शुल्क लावले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणाऱ्या अन्यूरिन बेव्हनच्या आरोग्यसेवेला आज कोणाला वगळावे याचा खल करावा लागतो, त्याचे एक कारण या दोन किमतींमधील अंतरात आहे.

स्वस्त औषध बनविणाऱ्या भारतात तरी अशा रुग्णांची आठवण झाली होती काय? मोल्नुपिरावीर २०२२ च्या जानेवारीत सुमारे चौदाशे रुपयांत दुकानोदुकानी आले. त्याच सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद त्याच्या सुरक्षिततेविषयी शंका व्यक्त करीत होती. बूस्टर, म्हणजे सरकारी भाषेतली खबरदारीची मात्रा, १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढचे नागरिक यांना खुली झाली. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना वाढीव मात्रा द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२१ च्या ऑक्टोबरातच सुचविले होते. तरीही चाळिशीतला मूत्रपिंडरोपण झालेला कारकून कोणत्याच गटात बसला नाही. त्याला १० एप्रिलपर्यंत थांबावे लागले, तेही खासगी केंद्रावर पैसे भरून. मोफत मात्रा त्याच्यापर्यंत पोचली ती १५ जुलैला, धडधाकट अठरा वर्षांच्या तरुणाबरोबर.

अशी माणसे कोठे शोधायची, ही सबब येथे टिकणारी नाही. १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक अवयवरोपणाची कागदोपत्री नोंद होते. मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत. एड्सवरील उपचार केंद्रांत आणि सरकारी कर्करोग रुग्णालयांत रुग्णांची नावे आहेत. गोपनीयता राखून ही नावे एका जागी आणणे, लशीची वेळ आली की त्यांना आधी कळविणे आणि ताप आला तर कोणाला दूरध्वनी करायचा तो क्रमांक रुग्णालयातून घरी सोडतानाच कागदावर लिहून देणे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. हे काम राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे, आणि साथ नसतानाचा काळच त्याला सोयीचा आहे.