पार्सलात बॅटरी आहे? मग तसे लिहा

मुलगा शिकायला पुण्याला, मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला आणि आईवडील झाशीला, अशी कुटुंबे आता कमी नाहीत. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत स्थायिक असलेल्या मराठी घरांतूनही लाडू-चिवड्याच्या डब्याबरोबर मुलाची विसरलेली पॉवर बँक रवाना होते. जवळच्या बिजौली औद्योगिक वसाहतीतला छोटा उद्योजक एखाद्या उपकरणाची बॅटरी गिऱ्हाइकाला पाठवतो. बिजौलीला विमानतळ नाही, तेव्हा पार्सल रस्त्यानेच जाईल, असे पाठवणारा समजतो. परंतु लवकर पोहोचावे म्हणून जादा पैसे भरलेले पार्सल मोठ्या शहरातून विमानात चढू शकते. पावतीवर मात्र लिहिलेले असते, 'घरगुती सामान'.

हे दोन शब्द महाग पडू शकतात. लिथियम बॅटरी दबली, सदोष असली किंवा तिची टोके धातूला टेकली, तर ती तापून पेट घेते आणि शेजारच्या बॅटरीलाही पेटवते. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटर नेणाऱ्या कंटेनरला आग लागून २० स्कूटर जळाल्या. ती गाडी जमिनीवर होती, माणसांना दूर होता आले. आकाशात कुठे जाणार?

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू विमानात आग लागली. विमान परत फिरले, पण धुराने वैमानिकांना समोरचे दिसेना. विमान कोसळून दोघेही मृत्युमुखी पडले. विमानात ८१ हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. तरीही कागदोपत्री धोकादायक माल म्हणून एकही नग नोंदलेला नव्हता. निदान तीन खेपा तशा नोंदवायला हव्या होत्या, असे चौकशीत आढळले.

मग काय करावे?

सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. पॉवर बँक ही सुटी बॅटरीच समजली जाते. अशा बॅटऱ्या फक्त मालवाहू विमानातून जातात, त्याही ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसलेल्या. फुगलेली वा बिघडलेली बॅटरी विमानाने कधीही पाठवू नये.

व्यावसायिकांनी बॅटरीच्या उत्पादकाकडून 'यूएन ३८.३' चाचणीचा गोषवारा मागून घ्यावा. प्रत्येक बॅटरी वेगळी गुंडाळावी, टोके झाकावीत, खोका मजबूत घ्यावा आणि त्यावर ठरलेली खूण लावावी.

घरच्या पार्सलासाठी रस्त्याने जाणारी सेवा मागावी आणि तेथेही बॅटरी असल्याचे सांगावे. स्वतः विमानाने जात असाल, तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवावी, चेक-इनच्या सामानात नाही. १०० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. हिशेब सोपा आहे : मिलिअँपिअर-तासांना व्होल्टने गुणून हजाराने भागावे. २०,००० मिलिअँपिअर-तासांची ३.७ व्होल्टची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते.

कुरिअरच्या खिडकीवरचा कर्मचारी 'आत काय आहे?' असे विचारतो, तेव्हा पुष्कळांना ती नसती चौकशी वाटते. परंतु बंद खोक्यात काय आहे, हे ठाऊक असलेले आपण एकटेच असतो. पार्सल नाकारले गेले तरी चालेल, दोन दिवस उशिरा पोहोचले तरी चालेल, पण पावतीवर खरे तेच लिहावे.