नदीकाठचा हिवाळी वानप्रस्थ

ऑक्टोबर सरू लागतो, मिनेसोटा आणि डाकोटा प्रांतांतील तळी गोठण्याच्या बेतात येतात, आणि अमेरिकेतील दक्षिणेकडे उतरणाऱ्या महामार्गांवर एक निराळीच वर्दळ सुरू होते. बसगाडीएवढी लांबरुंद मोटारघरे, ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढत नेलेली चाकांवरची घरे, सुकाणूवर पासष्टी-सत्तरी उलटलेला गृहस्थ आणि शेजारी वाट सांगणारी त्याची पत्नी. ही मंडळी सहलीला निघालेली नसतात; हिवाळा काढायला निघालेली असतात. थंडीची चाहूल लागताच दक्षिणेकडे झेपावणाऱ्या पाखरांवरून त्यांना तेथे 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी, असे नाव पडले आहे. कॅनडातूनही हे पक्षी मोठ्या संख्येने येतात. मात्र त्यांना साधारण सहा महिन्यांच्या आत परतावे लागते.

यांपैकी अनेकांचा पल्ला असतो तो कोलोरॅडो नदीच्या काठापर्यंत. रॉकी पर्वतात उगम पावून सात राज्यांना पाणी पाजणारी ही नदी अ‍ॅरिझोनाच्या पश्चिम सीमेवरून वाहते. बुलहेड सिटी, लेक हवासू, पार्कर, एरनबर्ग आणि अगदी दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेवरचे युमा अशी गावे तिच्या काठाने पसरलेली आहेत. युमा हे जगातील सर्वाधिक सूर्यप्रकाशाच्या गावांपैकी एक मानले जाते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. परंतु जानेवारीतली दुपार तेथे पुण्याच्या डिसेंबराइतकी सुखद असते. त्याच वेळी मिनेसोटातील घरापुढच्या वाटेवरचे बर्फ फावड्याने उपसताना म्हातारी माणसे घसरून खुबा मोडून घेत असतात. सुमारे पावणेतीन हजार किलोमीटरचा प्रवास करण्यामागे हौस जितकी आहे, तितकेच हे खुब्याचे हाडही आहे!

मिनेसोटातून आलेले एखादे सर्वसाधारण निवृत्त जोडपे डोळ्यांपुढे आणावे. नदीकाठच्या वसाहतीत त्यांना खडी पसरलेला एक पट्टा मिळतो. त्यावर गाडी उभी करायची आणि वीज, पाणी व सांडपाणी यांच्या जोडण्या करून घ्यायच्या. ज्यांना भाडे परवडत नाही, किंवा भाड्याची वसाहत आवडत नाही, त्यांच्यासाठी सरकारी वाळवंट आहे. अमेरिकेच्या भूमी व्यवस्थापन खात्याने १९८३ पासून नदीच्या परिसरात दीर्घ मुक्कामाचे तळ नेमून दिले आहेत. इंपीरियल धरणाजवळ असा एक तळ आहे; क्वार्टझाईट या आडगावाशेजारी दुसरा. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांच्या मुक्कामाचे शुल्क अनेक वर्षे अवघे १८० डॉलर राहिले. क्वार्टझाईटची कायम वस्ती २०२० च्या जनगणनेत अडीच हजारांच्याही आत होती. जानेवारीत मात्र तेथे चाकांवरच्या घरांचे नगर उभे राहते आणि वसंतात वाऱ्यावर विरून जाते.

घर जेमतेम तीस-पस्तीस चौरस मीटरचे. मिनेसोटातील प्रशस्त घराच्या तळघरात चाळीस वर्षांत साठलेल्या वस्तूंपैकी येथे फारच थोड्या येऊ शकतात. दोन माणसांची भांडी, चार पुस्तके, औषधांची पेटी, मासेमारीची काठी. सकाळी नदीकाठी फेरफटका, मग कोणाकडे लाकडाचे कोरीवकाम, कोणाकडे गोधड्या शिवणे, दुपारी पत्ते किंवा पिकलबॉल, आणि दिवस कलताना प्रत्येकाने आपापली खुर्ची घेऊन एकमेकांच्या दाराशी जमणे. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून होणारे सहभोजन असते. कालपर्यंत कोण बँकेचा अधिकारी होता आणि कोण ट्रकचालक, हे तेथे फारसे कोणी विचारत नाही. मैलापाण्याची टाकी ज्याची त्याने स्वतः रिकामी करायची असते. हातमोजे चढवून जाडजूड नळी जोडणारा निवृत्त अधिकारी आणि शेजारी तेच करणारा निवृत्त गवंडी, हे दृश्य समरसतेवर भाषणे देणाऱ्या आपल्यासारख्यांनी अवश्य पाहावे असे आहे.

दात दुखू लागले, तर मंडळी सीमा ओलांडून मेक्सिकोतील लॉस अल्गोडोनेस या गावी जातात. वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या मूळ सरकारी विम्यात दातांचे नेहमीचे उपचार बसत नाहीत. म्हणून काही हजार वस्तीच्या त्या गावात शेकडो दंतवैद्यांनी दुकाने थाटली आहेत. जगातील सर्वात धनाढ्य राष्ट्राचे निवृत्त नागरिक कवळीसाठी पायी परदेशी जातात, आणि तिकडे सॅन लुईच्या नाक्यावरून मेक्सिकन मजूर पहाटेच्या अंधारात युमाच्या शेतांत लेट्यूस तोडायला येतात. हिवाळ्यात अमेरिकेच्या ताटात पडणाऱ्या पालेभाजीपैकी बहुतांश याच खोऱ्यात, याच नदीच्या पाण्यावर पिकते. नदीची मात्र इतकी वाटणी झाली आहे की, कित्येक दशके ती समुद्राला क्वचितच मिळते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिच्या पाण्याची टंचाई इतिहासात प्रथमच अधिकृतपणे जाहीर करावी लागली. नदीला केवळ पाण्याचा साठा मानले की असे होते, असे म्हणण्याचा मोह आपल्याला होईल. आळंदीच्या इंद्रायणीवर तरंगणारा फेस आठवला, की तो आवरावा लागेल.

या जीवनाकडे पाहण्याची आपल्याकडची पद्धत ठरलेली आहे. "बिचारे! मुले विचारत नाहीत, म्हणून गाडीत राहतात." कुटुंबव्यवस्था कोसळलेल्या पश्चिमेचे हे आणखी एक उदाहरण म्हणून त्याची नोंद होते, आणि आपण आपल्या संस्कृतीच्या श्रेष्ठत्वाबद्दल निश्चिंत होऊन चहा घेतो. हे निदान घाईचे आहे. त्या जोडप्यातील पुष्कळांना मुले आहेत, प्रेमाने दूरध्वनी करणारी आहेत, नाताळात भेटीला येणारीही आहेत. मुलांच्या घरात राहायचे नाही, हा निर्णय अनेकदा आईवडिलांचाच असतो. मुलांचा संसार त्यांच्या हाती सोपवावा, आपण बाजूला व्हावे, गरजा कमी कराव्यात, पत्नीसह नदीकाठी मोकळ्या आकाशाखाली राहावे. या वर्णनाला आपल्या भाषेत एक शब्द आहे. तो शब्द त्यांना ठाऊक नाही. आपल्याला पाठ आहे. फरक इतकाच की, ते त्यातले निम्मे आचरतात आणि आपण त्याचा केवळ अभिमान बाळगतो.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी वानप्रस्थाची वेळ कॅलेंडरावर ठरवली नाही. केस पिकणे आणि नातवाचे तोंड दिसणे ही त्यांनी मानलेली खूण. नातू झाला, म्हणजे कुलाची धुरा पुढच्या खांद्यावर गेली, आता निघावे. ही खूण आज तीन ठिकाणी तीन प्रकारे वाचली जाते, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या वसाहतींना १९९५ च्या कायद्याने मुभा दिली आहे की, किमान ८० टक्के घरांत निदान एक रहिवासी ५५ वर्षांवरील असेल, तर मुले असलेल्या कुटुंबांना त्या प्रवेश नाकारू शकतात. त्यामुळे अनेक वसाहतींत नातवंडे पाहुणी म्हणून मोजके दिवस येतात आणि जातात. संध्याकाळी तेथे शांतता असते; पण ती मूल नसलेल्या आळीची शांतता असते, आणि तिच्यात काहीतरी चुकल्यासारखे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्या वाड्यांत आणि सदनिकांत याच्या उलट. नातू झाला, आता तर घर सोडण्याचा प्रश्नच नाही. किल्ल्या, पासबुके आणि स्वयंपाकघरातील शेवटचा शब्द यांवरची पकड उलट घट्ट होते. तिसरा प्रकार मराठी मध्यमवर्गाला अगदी जवळचा आहे. नातू होणार, म्हणून आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात जातात. मुलगा-सून कामावर, बाळ झोपलेले, बाहेर बर्फ, आणि गाडी चालवता येत नाही म्हणून आजोबा खिडकीशी बसलेले. त्यांच्या शेजारचे अमेरिकन जोडपे त्या वेळी गाडी घेऊन कोलोरॅडोच्या काठी गेलेले असते. या दोघांपैकी गृहस्थाश्रमातून कोण बाहेर पडले?

अर्थात, नदीकाठी हिवाळा काढण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. प्रयागला दरवर्षी पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत जो कल्पवास चालतो, तो म्हणजे याच दृश्याचे कितीतरी प्राचीन रूप. गंगेच्या वाळूवर तंबूंचे नगर उभे राहते. उत्तर प्रदेश, बिहार आणि मध्य प्रदेशातील खेड्यांतून वयस्कर जोडपी धान्याची गाठोडी, शिधा, गोवऱ्या घेऊन आपापल्या तीर्थपुरोहिताच्या निशाणाखाली येऊन उतरतात. एकभुक्त राहायचे, भूमीवर निजायचे, कडाक्याच्या थंडीत नदीस्नान करायचे, तंबूच्या दाराशी तुळस लावायची आणि जव पेरायचे. संकल्प बारा वर्षांचा. येथेही कोण कोणाचा, काय हुद्द्याचा, हे वाळूवर फारसे उरत नाही. त्या नगरात आणि क्वार्टझाईटच्या नगरात साम्य मोठे आहे, भेदही मोठा आहे. हिमपक्षी थंडीपासून दूर जातो; कल्पवासी थंडीत उतरतो. एकाला शरीराचे सुख राखायचे आहे, दुसऱ्याला शरीराची सत्ता कमी करायची आहे.

परंतु महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गापैकी कल्पवासाला जाणारे किती? २०२५ च्या महाकुंभात आपल्याकडची पुष्कळ मंडळी गेली. बहुतेक जण स्नान करून, छायाचित्रे काढून तिसऱ्या दिवशी परतली. महिनाभर तंबूत राहण्याची कल्पनाही आपल्या निवृत्त अधिकाऱ्याला सोसत नाही. ज्या पिढीने दोन खोल्यांत सहा भावंडांसह बालपण काढले, त्याच पिढीला आता स्वतंत्र स्नानगृहाशिवाय तीर्थयात्रा करवत नाही.

हिमपक्ष्यांच्या या जगाला काळी बाजूही आहे. २००८ च्या आर्थिक घसरणीत ज्यांची घरे आणि बचती गेल्या, त्यांच्यापैकी अनेकांसाठी चाकांवरचे घर ही हौस राहिली नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतील निवृत्तांचे सरासरी सरकारी मासिक वेतन दोन हजार डॉलरच्या आसपास होते, आणि घरभाडे त्यातला मोठा घास घेते. म्हणून साठी-सत्तरीतील माणसे शरदात उत्तर डाकोटात बीटच्या हंगामात बारा-बारा तास उभी राहतात, सणासुदीच्या आधी गोदामांत पार्सले बांधतात आणि मग नदीकाठी येऊन विसावतात. जेसिका ब्रुडर यांनी २०१७ मध्ये या माणसांवर 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले. त्यावरील चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. आधाराला ना मुलगा, ना पुतण्या, ना जात-गाव. व्यक्तिस्वातंत्र्याची ही किंमत आपल्या तरुण पिढीने नीट मोजून पाहावी.

तरीही, एकटेपणावर त्यांनी स्वतः शोधलेले उपाय थक्क करणारे आहेत. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या मोटारघरवाल्यांच्या संघटनेने टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे सभासदांसाठी एक केंद्र चालवले आहे. आजारपणामुळे किंवा वयामुळे ज्यांचा प्रवास थांबला, ते आपल्या गाडीतच राहतात आणि त्यांना जेवण, दिवसाची देखभाल, डॉक्टरकडे नेणे-आणणे अशी मदत तेथे मिळते. या कामाचा मोठा भार सभासद स्वयंसेवक उचलतात. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेच्या उपक्रमात हेच निवृत्त लोक गाड्या घेऊन गावोगाव जातात आणि गरिबांची घरे बांधायला हात लावतात. राष्ट्रीय उद्यानांत महिनोन्‌महिने विनावेतन राबणारी जोडपी आहेत. धर्म वेगळा, प्रेरणा वेगळी. पण सेवाभावी वानप्रस्थ म्हणजे याहून वेगळे काय असते?

संघविचाराच्या परिवाराला हा विचार परका नाही. निवृत्तीनंतर पूर्ण वेळ देणारा 'वानप्रस्थी कार्यकर्ता' ही आपल्याकडची रुळलेली संज्ञा. नानाजी देशमुख १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आले, मंत्रिपद नाकारले, आणि साठी ओलांडताच सत्तेचे राजकारण सोडून गोंड्याच्या खेड्यांत आणि पुढे मंदाकिनीकाठी चित्रकूटला गेले. २०१० मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला, आणि तो देहही वैद्यकीय शिक्षणासाठी दिला. चित्रकूटच्या खेड्यांत त्यांनी 'समाजशिल्पी दाम्पत्य' योजना राबवली. कार्यकर्ता एकटा नको, पतिपत्नी दोघे हवेत, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या शाखा-उपशाखांत, संस्थांच्या कार्यकारिणींत मात्र सत्तरीतले गृहस्थ अजून खुर्चीवर असतात आणि त्यांच्या पत्नी अजून स्वयंपाकघरात. निवृत्ती केवळ पतीला मिळते. पत्नीच्या कामाचा वानप्रस्थ कधी सुरू व्हायचा, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही.

मोटारघरवाल्यांच्या मेळाव्यांत बायकांसाठी खास वर्ग असतात. दहा-बारा मीटरची गाडी वळवायची कशी, जोडण्या सोडायच्या कशा, टाकी रिकामी करायची कशी, हे त्यांना हातात सुकाणू देऊन शिकवले जाते. कारण साधे आहे. नदीकाठच्या त्या मुक्कामात एखाद्या पहाटे नवऱ्याच्या छातीत कळ येते, आणि एप्रिलमध्ये ती गाडी पावणेतीन हजार किलोमीटर दूर घरी न्यायची असते. आपल्याकडे नवऱ्याच्या पश्चात बँकेच्या लॉकरची किल्ली कोठे आहे, विम्याचे कागद कोणत्या फाइलीत आहेत आणि निवृत्तिवेतनाच्या अर्जावर सही कोठे करायची, हे विचारायला पन्नास वर्षे संसार केलेली बाई मुलाला अमेरिकेत फोन लावते. तिकडे तेव्हा मध्यरात्र असते.