वाटाण्याचा अंकुर आणि चित्रपट

‘सिनेमाच्या नादाने मुलांचा वेळ फुकट जातो,’ अशी तक्रार जुन्नर-आंबेगावकडील कित्येक पालकांच्या तोंडून ऐकू येते. ती अगदीच निराधार आहे, असे नाही. तथापि पडद्यावरील चमत्कार पाहून ‘हे घडविले कसे?’ असा प्रश्न ज्या मुलाच्या मनात उभा राहतो, त्याचा वेळ व्यर्थ गेला असे आम्हांस म्हणवत नाही. दादासाहेब फाळके यांच्या मनात हाच प्रश्न उभा राहिला होता.

दादासाहेबांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांना या कलेचा ध्यास लागला. १९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. आता भांडवल हवे होते. परंतु नुसत्या शब्दांवर पैसा कोण देणार? म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे ठरावीक अंतराने, एकेक करून, घेतली. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली आणि भांडवलाची सोय झाली. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची वाट अशी एका विज्ञानपटाने मोकळी केली!

पुढे ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालियामर्दन’ (१९१९) यांतील अद्भुत दृश्यांनी प्रेक्षक थक्क झाले. १९३७ सालच्या ‘गंगावतरणा’नंतर मात्र ते मागे पडले आणि १९४४ साली नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले.

आमचा आक्षेप त्यांच्यावर नसून त्यांच्या वारसांवर आहे. वारसांनी चमत्कार उचलला; वाटाणा कुंडीतच ठेवला. जपानात इशिरो होंडा या दिग्दर्शकाने १९५४ साली ‘गोजिरा’ चित्रपटात एका महाकाय प्राण्याच्या रूपाने अणुबाँबची भीती जगापुढे मांडली. आपल्याकडे जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाने विज्ञानकथा मराठी घरांत नेली; पण मराठी पडद्यावर ती क्वचितच आली.

ही उणीव भरून काढण्यास आपल्या तालुक्याइतके योग्य स्थळ कोणते? खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या महाकाय तबकड्या शेतांमधून उभ्या आहेत. अशा एकूण ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात मांडलेल्या असून, त्यांवर आकाशातील रेडिओलहरी टिपल्या जातात. त्यांच्याजवळून गुरे हाकत जाणाऱ्या मुलाला कथेची वाण पडू नये.

कोणी म्हणेल, यास पैसा लागतो. मोठ्या चित्रपटास लागतो, हे खरे. परंतु आरंभ एका कुंडीने झाला होता. आज बहुतेक घरी मोबाईल आहे. विद्यार्थ्यांनो, मूठभर वाटाणे पेरा, मोबाईल एका जागी पक्का बसवा आणि रोज ठरल्या वेळी एक चित्र घ्या. एकही दिवस चुकवू नका. चुकलेला दिवस पडद्यावर लपत नाही. आणि पालकहो, तेवढा वेळ मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेऊ नका. महिनाभर धीर धरून अंकुराकडे पाहावयास शिकलेला मुलगा सिनेमाने बिघडेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.