गाडीवरची झूल

पोळ्याच्या दिवशी बैलावर घातलेली झूल संध्याकाळी उतरवून, घडी घालून माळ्यावर ठेवली जाते. मोटारगाड्यांवर अलीकडे जी झूल चढू लागली आहे ती मात्र चार-पाच वर्षे उतरत नाही. आमच्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी चारही चाकांना गती मिळणारी थार घेतली. कर्जाचे निम्मे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत. तथापि तिच्या मूळच्या चकचकीत काळ्या रंगावर सैनिकी छटेचा, बिनचमकेचा हिरवा व्हिनाइल चढविण्याचा त्याचा निश्चय झाला आहे. आम्ही शंका काढली तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामा, रंग बदलायचा नाही, नुसता झाकायचा आहे.’’

हे वाक्य वाटते तितके साधे नाही.

व्हिनाइल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. हे ठिसूळ द्रव्य मऊ व लवचिक करण्याची युक्ती अमेरिकेत वाल्डो सेमन यांना १९२६ साली सापडली. गाडीवर चढविण्याचा पापुद्रा दोन प्रकारचा असतो. पहिला ओतीव, जाडीला सुमारे पन्नास मायक्रॉन. तो द्रवरूपात पसरून वाळविलेला असल्यामुळे त्यात ताण उरत नाही आणि तो वळणावळणांवर नीट बसतो. दुसरा रुळांखाली लाटलेला, अधिक जाड व स्वस्त. लाटलेली पुरी जशी आकसते तसा हा कालांतराने आकसतो आणि कडा सोडतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, आणि ग्राहकाची फसगत नेमकी येथेच होते. काम हातांचे आहे. उष्ण हवेच्या झोताने पापुद्रा नरम करावयाचा, फडताळीसारख्या पट्टीने हवा बाहेर काढीत दाबावयाचा व कडा आत वळवावयाच्या. कारागिराने पाते गाडीवरच ओढले तर खालच्या रंगावर रेघ उठते. ती दिसते चार-पाच वर्षांनी, पापुद्रा निघाल्यावर, आणि तोवर कारागिराचा पत्ता कोणास आठवणार?

अशा आवरणाने मूळ रंग सुरक्षित राहतो, म्हणून गाडी विकताना किंमत चांगली येते, असे समर्थन केले जाते. आपल्या मध्यमवर्गाला हा युक्तिवाद चटकन पटतो. नव्या गाडीच्या आसनांवरचे प्लॅस्टिक वर्षभर न काढणारे व दूरदर्शन संचाच्या रिमोटला पिशवी घालणारे आपणच. परंतु हिशेब मांडून पाहावा. भाच्याला सांगितलेला आकडा ऐंशी हजारांचा. चार वर्षांत दरसाल वीस हजार, शिवाय व्याज, आणि पापुद्रा काढण्याची मजुरी वेगळी. विक्रीच्या वेळी रंगापोटी इतकी जास्तीची रक्कम कोणी देईल, असे मानण्यास आम्हांस आधार दिसत नाही. तेव्हा हा खर्च बचतीचा नसून हौसेचा आहे. हौसेला आमची हरकत नाही. प्रदर्शनासाठी केल्या जाणाऱ्या उपभोगाचे विवेचन थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच करून ठेवले आहे, आणि घोड्यांवर जरतारी घालणारे त्याच्याही आधी होऊन गेले. फक्त हौसेला गुंतवणूक म्हणू नये.

यातील विसंगती अशी की, ज्या वाहनाची ख्याती चिखलात व दगडधोंड्यांत चालण्याची, त्याच वाहनावर हा पापुद्रा सर्वांत लवकर खराब होतो. करवंदीच्या जाळीतून गाडी घातली की तो फाटतो, दाबाच्या पाण्याने धुतली की कडा उचलतात. बिनचमकेच्या पृष्ठभागावरचे ओरखडे घासून पुसताही येत नाहीत. छत व टप उन्हाने इतर भागांआधी जीर्ण होतात. मग मालक गाडी डांबरी रस्त्याखाली उतरविण्यास कचरू लागतो.

येथवरचा तोटा मालकाचा. त्याहून मोठा प्रश्न त्याच्यानंतरच्या ग्राहकाचा आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले की, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला नसेल तर चांगला माल बाजारातून निघून जातो. नव्या पापुद्र्याखाली ओरखडे, गंजाची सुरुवात किंवा अपघातानंतर मारलेला रंग बेमालूम झाकता येतो. पुन्हा मारलेला रंग तर पापुद्र्याबरोबर सोलूनही येतो. जुनी गाडी घेणारा बहुधा कारकून वा शिक्षक असतो, भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतलेला. त्याने झुलीखाली काय आहे हे कसे ओळखावे?

कायद्याकडेही भाच्याने पाहिलेले नव्हते. गाडीचा रंग नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो, तो ओळख पटावी म्हणून. अपघात पाहणाऱ्याला क्रमांकाआधी रंग आठवतो. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. पापुद्रा म्हणजे रंग नव्हे, असा शब्दच्छल कोणी करील. पण रस्त्यावरच्या माणसाला दिसतो तो रंगच.

सरसकट बंदी घालावी, असे आमचे म्हणणे नाही. या कामावर अनेक तरुणांचे पोट आहे आणि ते कौशल्याचे काम आहे. परंतु बिलावर पापुद्र्याचा प्रकार, गाडीचा मूळ रंग व कारागिराच्या दुकानाचे नाव लिहिणे सक्तीचे असावे. बदललेल्या रंगाची परिवहन कार्यालयातील नोंद एका अर्जात, हेलपाट्यांवाचून व्हावी. आणि जुन्या गाडीच्या विक्रेत्याने आवरण आहे की नाही, ते केव्हा चढविले, हे लेखी द्यावे. कागदाच्या एका तावापलीकडे याला खर्च नाही.

भाच्याने हिरवा रंग सोडला आहे. सध्या तो राखाडीचे नमुने पाहत आहे.