गहू सोडण्याआधी तपासणी करा

परवा आमच्या उत्तनमधलीच एक आई बारा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीचे पोट फुगायचे, वजन वाढत नव्हते. कुणीतरी सांगितले, गव्हातले ग्लुटेन बाधते. म्हणून तीन महिन्यांपासून घरात मुलीसाठी चपाती, पाव, बिस्किटे बंद. आता तिने मोबाइलवर 'बेगल' नावाच्या पावाची कृती काढून विचारले, "डॉक्टर, यात गहू नाही आणि प्रोटीन भरपूर आहे म्हणतात. घरी करून दिला तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हटले, "पण तपासणी कधी केली?" तपासणी झालीच नव्हती.

वाचकहो, घोटाळा इथेच होतो. सिलिअ‍ॅक या आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. निदानासाठी टीटीजी ही रक्ततपासणी व बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासतात. पण रुग्ण गहू खात असेल तरच या तपासण्या खरे सांगतात. गहू सोडून काही महिने झाले की आतडे भरून येऊ लागते आणि आजार असूनही अहवाल 'निर्दोष' येऊ शकतो. निदान पक्के हवे, कारण पथ्य जन्मभराचे असते आणि भावंडांचीही तपासणी करावी लागते.

मीही यात चुकलो आहे. एका मुलाला वर्षभर लोहाच्या गोळ्या देत राहिलो. रक्त का वाढत नाही हा प्रश्न मला फार उशिरा पडला. कोळीवाड्यात भात-मासळी खाणाऱ्यांत हा आजार कुठला, असे मी धरून चाललो होतो. उत्तर भारताच्या मानाने आपल्याकडे तो कमी दिसतो, पण दिसतो.

हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. तेव्हा या आजाराची मुले उलट सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगली. डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांचा गव्हावरचा संशय त्यातून पक्का झाला.

आता बेगल. हा मधे भोक असलेला पाव आधी उकळतात, मग भाजतात. त्याचा चिवटपणा ग्लुटेनचाच. गहू काढला की बांधून ठेवायला इसबगोल, अंडी, दही घालावे लागते. आमच्या घरी बेसन आणि तांदळाच्या पिठाचा केला, तो पाण्यात विरघळला. दुसऱ्या वेळी न उकळता भाजला, तो खाण्याजोगा झाला. हौस म्हणून जरूर करा. पण आपल्या बायका तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी थापतात, ती काय वेगळी आहे? उकडीने पीठ बांधले जाते, ग्लुटेन लागत नाही. आणि प्रोटीन? वलांडीवर सुकलेल्या बोंबलात शंभर ग्रॅमला सुमारे ६० ग्रॅम असते. खारवलेली मासळी मात्र रक्तदाबवाल्यांनी जपून खावी.

निदान झालेच तर खरी अडचण गिरणीत येते. गव्हामागून दळलेले तांदळाचे पीठ चालत नाही. तांदूळ घरी मिक्सरवर दळावेत. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा असतो. लग्नातले फुगे मैद्याचेच. मिस्सात कम्युनियनची भाकरही गव्हाची. पूर्ण ग्लुटेनविरहित भाकर चर्चला मान्य नाही, पण अत्यल्प ग्लुटेनची चालते, किंवा नुसता द्राक्षारस घेता येतो, असे व्हॅटिकनने २००३ साली कळवले आहे. फादरांशी आधी बोलून ठेवावे.

त्या मुलीला मी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांच्या सल्ल्याने ती पुन्हा रोज चपाती खाते आहे. पोट थोडे दुखते, आई माझ्यावर थोडी नाराज आहे. रक्त पुढच्या महिन्यात तपासायचे आहे.