मावशीचे पाय आणि दहा मिनिटांचं इंजेक्शन

आमची अकोल्याची मावशी. तीस वर्षं शाळेत उभं राहून शिकवलं. रिटायर होईपर्यंत पोटरीवरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. संध्याकाळी पाय जड, घोट्याला सूज. एक दिवस कुठेतरी "ऑपरेशनशिवाय इलाज" असा बोर्ड दिसला आणि बाई इंजेक्शन घेऊनच घरी आल्या. फोनवर एकदम खूश! "दहा मिन्टात झालं बाप्पा! ना कापाकापी, ना टाके."

वर्षभरात शिरा परत हजर.

मग ती अमरावतीला आमच्याकडे आली तेव्हा एका सर्जनकडे नेलं. त्यांनी सुई नंतर, आधी पायांचा कलर डॉपलर म्हटलं. तोही उभं करून. जांघेपाशी मुख्य शिरेचा व्हॉल्व्हच लीक होता. हे आधी कोणी बघितलंच नव्हतं.

आता थोडं टेक्निकल. पायातलं रक्त वर चढतं आणि खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणारे व्हॉल्व्ह असतात. ते बिघडले की रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात. इंजेक्शनमधलं औषध (पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, बरेचदा फेस करून) शिरेचं आतलं अस्तर खराब करतं. भिंती चिकटतात, शीर बंद होते, रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांनी जातं. कल्पना छानच आहे. पण कालव्याचं गेट वर गळत असेल आणि आपण शेतातल्या पाटाला माती लावत बसलो, तर पाणी दुसरीकडून फुटणारच ना? मावशीचं नेमकं तेच झालं.

म्हणजे इंजेक्शन वाईट नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरांना ते उत्तम. पण जाड, फुगलेल्या शिरांना डॉपलर न करता दिलेलं इंजेक्शन म्हणजे लॉग न बघता केलेला बग फिक्स. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: आधी डॉपलर तपासणी. मुख्य शीर गळत असेल तर शक्यतो लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने ती आतून बंद करा. ते जमत नसेल तर फेसाचं इंजेक्शन, आणि तेही जमत नसेल तर ऑपरेशन.

शिवाय "दहा मिनिटं" हे अर्धसत्य आहे. बरेचदा एकाहून जास्त बैठका लागतात. नंतर लगेच चालायचं असतं आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस घट्ट मोजे घालायचे असतात. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या आसपास असताना ते घालून दाखवा! तब्येतीची घाई नसेल तर दिवाळीनंतरचा मुहूर्त बरा. त्वचेवर तपकिरी डाग पडू शकतात, ते जायला कित्येक महिने लागतात. टोचलेल्या जागी क्वचित जखम होते. पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल, औषधाची ॲलर्जी असेल, मायग्रेन असेल, दिवस गेले असतील किंवा चालणंच शक्य नसेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगायचं. आणि इंजेक्शननंतर एक पाय अचानक सुजला, पोटरी ठणकली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल. खोल शिरेत गुठळी होणं दुर्मीळ आहे, पण ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

यातलं पहिल्या वेळी का नाही विचारलंस, असं मी मावशीला म्हटलं. तर म्हणे, "डाक्टरले कोनी इचारते का?"

माझा खरा राग इथे आहे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी चार दुकानं फिरणारी ही बाई डॉक्टरसमोर गप्प बसते, आणि ती गप्प बसते म्हणून काहींचं फावतं. चांगला डॉक्टर प्रश्नांनी चिडत नाही. अमरावतीच्या सर्जननी तर कागदावर शीर काढून दाखवली. मग लेझर झालं, उरलेल्या फांद्यांना इंजेक्शन. होय, तेच इंजेक्शन! फक्त या वेळी योग्य जागी, योग्य क्रमाने.

आपण पुण्या-बंगळूरला बसून मोबाईल घ्यायच्या आधी पन्नास रिव्ह्यू वाचतो. आयांचे पाय साडीखाली झाकलेले असतात आणि त्या स्वतःहून सांगत नाहीत. या वीकेंडला फोन कराल तेव्हा विचारा. आणि दवाखान्यात त्यांच्यासोबत जा. प्रश्न तुम्हीच विचारा.